तीस रुपयांचा गोल्टी कॅट

पत्त्यांची पाकिटं कांद्यासारखी निवडायची नसतात, हे मला कळलं तेव्हा मी तीनशे पाकिटं फोडून बसलो होतो.

मंचरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं स्टेशनरीचं दुकान आहे. आता तिथं झेरॉक्स आहे, लॅमिनेशन आहे, रिचार्ज आहे. पण मी सांगतोय ती गोष्ट दोन हजार सालानंतरच्या एका उन्हाळ्यातली. दुकान टाकून जेमतेम वर्ष झालं होतं. त्याआधी चौदा वर्षं मी मार्केट यार्डात एका आडत्याकडे काट्यावर होतो. कांदा-बटाट्याच्या पिशव्या तोलायच्या आणि माल निवडून घ्यायचा, हे काम. ज्यांनी यार्ड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतकऱ्याचा कांदा आला की तो सरसकट विकला जात नाही. मोठा, गोल, लाल पत्तीचा तो गोळा. त्याखालचा मध्यम. बारका असेल ती गोल्टी. कोंब आलेला, मार लागलेला तो बदला. प्रत्येकाचा ढीग वेगळा, प्रत्येकाचा भाव वेगळा. चौदा वर्षांत माझ्या डोक्यात एवढा एकच नियम पक्का बसला होता: माल आला की आधी निवडायचा.

त्या वर्षी टीव्हीवर कार्टूनमधल्या राक्षसांची एक मालिका लागायची आणि त्यांचीच कार्डं बाजारात आली होती. पोरं त्यांना नुसतं 'मॉन्स्टर' म्हणायची. पारसशेठ म्हणजे आमचे होलसेलवाले. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या मंचरात गेल्या, त्यामुळे त्यांचं मराठी माझ्यापेक्षा तिखट. ते म्हणाले, "वसंता, दहा डबे उचल. सुट्टी लागलीय, पोरं येडी झालीत."

एका डब्यात तीस पाकिटं. एका पाकिटात पाच कार्डं. किंमत दहा रुपये. पाकीट चांदीसारख्या कागदाचं, आतलं काही दिसत नाही.

पैसे होते, पण ते वह्यांचे होते. स्टेशनरीवाल्याचं वर्ष जूनमध्ये ठरतं. शाळा उघडताना दुकानात वह्या नाहीत म्हणजे हॉटेलात गॅस नाही. आमच्या सौ.नं, शालननं, ते पैसे बिस्किटाच्या डब्यात बाजूला ठेवले होते. मी म्हणालो, "महिन्यात दुप्पट करून देतो." ती म्हणाली, "दुप्पट नको. हायेत तेवढे मे संपायच्या आत परत डब्यात आले पायजेत. न्हाईतर वह्या न्हाईत, आन् वह्या न्हाईत तर तुमी परत काट्यावर." आडत्यानं माझी जागा वर्षभर मोकळी ठेवतो असं सांगितलेलंच होतं. ते त्यानं मायेनं सांगितलं होतं, पण मला ते धमकीसारखं ऐकू यायचं.

डबे आले. शालननं नेहमीप्रमाणे पहिला नग उचलून गल्ल्यावरच्या देवीच्या तसबिरीमागे ठेवला. कुठलाही नवा माल आला की ही तिची पद्धत. एकदा तिथं शार्पनर, डिंकाची बाटली आणि उंदीर मारायच्या गोळ्या अशा तिन्ही गोष्टी देवीच्या आश्रयाला होत्या. मग ती चार-पाच दिवसांसाठी माहेरी, शिनोलीला गेली, आणि दुकानात मी एकटा उरलो.

दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही. मी एक पाकीट फोडलं. एक कार्ड चकचकीत, उन्हात धरलं की सात रंग मारणारं. दोन बऱ्यापैकी. दोन अगदीच किरकोळ. माझ्यातला यार्डवाला जागा झाला. म्हटलं, हा काय प्रकार? गोळा आणि गोल्टी एकाच पिशवीत? आणि गिऱ्हाईकानं न बघता घ्यायचं? असला माल यार्डात कुणी आणला असता तर पिशवीसकट बाहेर काढला असता.

संध्याकाळपर्यंत मी सगळी पाकिटं फोडली. चार टोपल्या केल्या. चकचकीत ती गोळा, पंचवीस रुपये. ज्यांच्यावर मोठे आकडे ते मध्यम, तीन रुपये. बाकी गोल्टी, रुपयाला एक. कोपरे दुमडलेली बदला, त्यांना भाव नाही. पुठ्ठ्याच्या पाट्या स्केचपेननं लिहिल्या. मनात म्हटलं, असं स्वच्छ दुकान पुणे जिल्ह्यात नसेल. ते मात्र खरंच होतं. नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं ते सराफांचा निखिल. सातवीतला, खिसा गरम.

"काका, मॉन्स्टरचं पाकीट द्या."

मी टोपल्यांकडे हात केला. "पाकीट कशाला? हवं ते बघून घे. आपल्याकडे फसवणूक नाही."

तो टोपल्यांकडे बघत राहिला. "फोडली?"

"हो."

"सगळी?"

"सगळी. एकसुद्धा ठेवलं नाही."

निखिल बाहेर जाऊन ओरडला, "ए, काकांनी सगळी फोडली रे!" आणि गल्लीतली पोरं पोट धरून हसायला लागली. त्यातलं एक, वीतभर उंचीचं, मला समजावायला पुढं आलं. "काका, फाडायचीच तर मजा आसती. ती तुमीच घेतली."

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. पोरगं दहा रुपये कार्डाचे देत नव्हतं. पाकीट फाडताना छातीत जे होतं त्याचे देत होतं. ते मी तीनशे वेळा एकट्यानं, फुकटात भोगलं होतं, आणि मला तर त्यात काही मजाही आली नव्हती.

चार दिवसांत साठातली चाळीस चकचकीत कार्डं गेली. त्यातली निम्मी एकट्या निखिलनं नेली. मध्यम आणि गोल्टी हलेना. गोळा उठला आणि गोल्टी पडून राहिली याचा अर्थ तोटा, हे यार्डातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पारसशेठ स्कूटरवरून आले, टोपल्या बघितल्या, चष्मा काढून पुसला आणि परत बघितल्या.

"वसंता, तू तर लॉटरीची तिकिटं खरवडून विकायला बसलास राव."

"शेठ, परत घेता का?"

"फोडलेला माल? मी तुझा दोस्त हाय, बाप न्हाई."

शालन शिनोलीहून आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं टोपल्यांवर एक फडका टाकला आणि विचारलं, "वह्यांचं काय?" त्यानंतर रोज सकाळी चहाबरोबर तेवढंच. "वह्यांचं काय?" मे महिन्याचे पंधरा दिवस उरले होते.

आणि मग बाजाराच्या दिवशी धोंडूतात्या आले. पिंपरी पेंढारचे. आळेफाट्याचा बाजार त्यांना जवळ, तरी कांदा घेऊन मंचरला यायचे, कारण माझ्या काट्यावर त्यांचा विश्वास होता. हे मी नाही, ते सांगायचे. बरोबर त्यांची नात होती, प्राजक्ता, बाराएक वर्षांची. तात्यांनी टोपल्यांवरचा फडका उचलला, पाट्या वाचल्या, आणि त्यांचा चेहरा फुलला.

"आरं, निवड केली व्हय! लई ब्येस काम केलंस."

पंधरा दिवसांत माझी स्तुती करणारा हा पहिला माणूस.

"गोळा काय भाव?"

"पंचवीस."

"गोल्टी?"

"रुपया."

"आन् बदला?"

"बदल्याला भाव नाही तात्या, कोपरे दुमडलेत."

"बराबर." तात्या बाकावर टेकले. "आता असं बघ. हिला ह्यो खेळ सुरू करायचाय. शेजारची पोरं खेळत्यात आन् ही नुसती कडंला बसून बघती. तर सुरू कराया किती लागत्याल?"

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. मी सांगायला लागलो. हा खेळ खेळायचा तर चाळीस पानांचा पुरा कॅट लागतो. कंपनीचा तयार कॅट मिळतो, दीडशे रुपयांना. तो नको असेल तर पाकिटं घेत जायचं, दहाला एक.

"पाकिटात काय निघतं?"

"ते सांगता येत नाही तात्या. निघेल ते निघेल."

तात्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हंजी आदी दीडशे घालायचं, न्हाईतर दहा-दहा करून वतत ऱ्हायाचं, आन् उगवंल का न्हाई ते इकणाऱ्याला बी ठावं न्हाई. आसला धंदा आमी शेतात करतोय तेवढा बास झाला की! पोरीनं कशाला करायचा?"

मला सुचलं ते वेगळंच. माझ्या दुकानासमोर रोज वीसेक पोरं जमायची, पण खेळणारी चारच. बाकीची उभी. कुणाकडे दहा पानं, कुणाकडे पंधरा. मला वाटायचं, बघायला आवडत असेल. त्यांना सुरू करणंच परवडत नव्हतं, हे मला तात्यांनी विचारल्यावर कळलं.

प्राजक्ता मात्र एव्हाना गोल्टीच्या टोपलीत कोपरापर्यंत हात घालून बसली होती. "तात्या, हितं तर शक्तीची पानंच पानं हायेत!"

या खेळातली एक गोष्ट तिनं आम्हा दोघा म्हाताऱ्यांना समजावली. मी तेव्हा चाळिशीचा होतो, पण तिच्या हिशेबानं म्हाताराच. नुसते राक्षस घेऊन भागत नाही. राक्षस कितीही तालेवार असला तरी त्याला शक्तीचं पान जोडल्याशिवाय तो जागचा हलत नाही. शक्तीच्या पानावर काही नसतं, एक ज्वाला, नाहीतर पाण्याचा थेंब, नाहीतर झाडाचं पान. दिसायला भिकार म्हणून पोरं ती टाकून देतात, आणि मीही ती डोळे झाकून गोल्टीत टाकली होती. पण चाळीस पानांत पंधरा-सोळा तीच लागतात.

तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल फरशीवर पसरला आणि नातीसमोर उकिडवे बसले. यार्डात बसायचे तसेच. ती सांगेल ते पान काढायचे, उलटसुलट बघायचे, कोपरा तपासायचे. दोन तास गेले. आळेफाट्याची एक गाडी गेली, दुसरी गेली. चाळीस पानं झाली, त्यात एकही चकचकीत नाही.

"चाळीस रुपये झाले तात्या."

"घाऊक माल हाय. वीस."

"तात्या, घरात खायचे वांधे आहेत."

"तीस. आन् चा पाज."

तीस ठरले. तेवढ्यात निखिल आला, वीस चकचकीत कार्डं खिशात घेऊन. प्राजक्ताचा कॅट बघून हसला. "हे गोल्टीतलं? याच्यावर खेळणार?" मी हसलो नाही. ही पोरगी हरली तर गोल्टी ती गोल्टीच राहणार होती, आणि मी काट्यावर.

बाहेरच्या बाकावर डाव मांडला. गल्ली गोळा झाली. तात्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, पण ते नातीच्या मागं असे उभे होते जसा लिलावात मालक आपल्या ढिगामागं उभा राहतो. निखिलचे राक्षस एकापेक्षा एक. पहिल्यांदा वाटलं, संपलंच. पण त्यानं चकचकीत घालायच्या नादात कॅटमधून शक्तीची पानं काढून टाकली होती. त्याचा सगळ्यात मोठा, सात रंगांचा ड्रॅगन मैदानात उतरला आणि शक्ती नाही म्हणून तिथंच बसून राहिला. प्राजक्ताची बारकी बारकी जनावरं प्रत्येक वेळी येऊन त्याला एकेक टोचा मारून जायची. पाचव्या-सहाव्या टोच्याला ड्रॅगन आडवा झाला. मग पुढचा. मग निखिल.

तात्यांनी विचारलं, "झालं? आपुन जितलो?" आणि पोरीच्या पाठीत अशी थाप मारली की तिच्या हातातले पत्ते सांडले.

निखिल हळूच माझ्याजवळ आला. "काका, शक्तीची पानं कशी दिली?"

जाताना तात्या म्हणाले, "वसंता, हिला जे लागलं ते समद्या पोरान्ला लागंल. आदी पेरायला स्वस्तात दे. उगवलं की पाकिटं घ्याया तुझ्याकडंच येत्याल."

त्या दिवसापासून मी खेळ शिकायला लागलो. बहात्तर आडत्यांच्या खोड्या पाठ असलेल्या माणसाला चाळीस पत्ते काय जड? प्राजक्तानं एका वहीच्या पानावर प्रमाण लिहून दिलं होतं: इतके राक्षस, इतकी शक्ती, आगीबरोबर आग, पाण्याबरोबर पाणी. त्या प्रमाणानं मध्यम आणि गोल्टी मिसळून मी कॅट लावले. चौतीस झाले. कौतुकानं ते सुतळीनं घट्ट बांधले, पिशवीचं तोंड शिवतात तसे. शालननं एक उचलून बघितला. सुतळीनं वरच्या-खालच्या पानांच्या कडा कातरल्या होत्या.

"झाला का ह्याचा बी बदला?"

मी सुतळी सोडायला लागलो.

तिनं माळ्यावरून एक गठ्ठा काढला. कुणीतरी लग्नपत्रिकांची पाकिटं ऑर्डर देऊन नेली नव्हती, ती वर्षभर पडून होती. वर गणपती, खाली सोनेरी अक्षरात 'शुभविवाह'. "पोरान्ला पाकीटच पायजे ना? मग पाकिटात घाला आन् डिंकानं बंद करा." उरलेली वीस चकचकीत कार्डंही तिनंच मागून घेतली आणि वीस पाकिटांत एकेक सारली. सगळी पाकिटं पिसून ढीग केला. "कशात हाय, मला बी ठावं न्हाई, तुमाला बी न्हाई. आता इका."

पाटी लिहिली: 'खेळ सुरू करा, तीस रुपयांत'. पोरांनी त्याला नाव ठेवलं गोल्टी कॅट. माझ्या यार्डातला शब्द मंचरच्या पोरांच्या तोंडी बसला, याचा मला आजही अभिमान आहे. पाच दिवसांत चौतीसच्या चौतीस गेले. गल्लीत जिकडे तिकडे पोरं फुगलेली 'शुभविवाह' घेऊन पळताना दिसायची. शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातल्या मुमताजभाभींनी मला अडवलं, "भाऊ, एवढी कुणाची लग्नं काढलीत? आमाला पत्रिका न्हाई, निदान हिरवा चुडा तरी आमच्याकडनं भरा."

आणि तात्या म्हणाले तसंच झालं. कॅट हातात आल्यावर पोरांना बंद पाकिटं हवीशी झाली. मी पारसशेठकडून परत डबे आणले. या खेपेला कात्री शालनकडे असायची.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. निखिलला कुठून तरी कळलं होतं की चकचकीत कार्डाचं पाकीट किंचित जड असतं. पठ्ठ्या वडिलांचा सोन्याचा काटा घेऊन दुकानात आला आणि काउंटरवर पाकिटं जोखायला बसला. मी त्याला म्हटलं, "काटा गुंडाळ." दोन पाकिटं दोन तळहातांवर घेतली, डोळे मिटले, उजवं पुढं केलं. "हे जड." त्यानं काट्यावर घातलं. उजवं जड. फाडलं, आत सात रंग. चौदा वर्षं क्विंटलमध्ये तोललेला हात गुंजभर फरक ओळखतो, हे मलाही तेव्हाच कळलं. गल्लीत माझा दरारा वाढला, आणि त्या दिवसापासून पाकीट मी हातानं द्यायचं नाही, पोरानं स्वतः डब्यातून उचलायचं, असा नियम करावा लागला.

एक गोष्ट मात्र अभिमानाची नाही. एक पोरगा रोज यायचा. एक पाकीट, मग दोन, मग चार. मी त्याला नावानं हाक मारायचो, खुश असायचो. एके दिवशी त्याची आई आली. स्टँडपाशी भाजी विकायची. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ, माझं पोरगं रोज चाळीस रुपये कुठनं आणतं, तुमी एकदा तरी इचारायचं व्हतं." मी विचारलं नव्हतं. तिच्याच गल्ल्यातून आणत होतं ते. त्या दिवसापासून कॅट कुणालाही, पण बंद पाकीट एका पोराला दिवसाला एकच. धंदा कमी झाला. पारसशेठ म्हणाले, "येडा हायेस." पण ती बाई त्यानंतरही समोरून जाताना माझ्याकडे बघायची नाही, आणि माझीही तिच्याकडे भाजी घ्यायला जायची हिंमत कधी झाली नाही.

मे संपायला दोन दिवस असताना बिस्किटाच्या डब्यात पैसे परत पडले. वर थोडे जास्तच. मी आडत्याला जाऊन सांगितलं, माझी जागा दुसऱ्याला द्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वह्यांचे गठ्ठे आले. दुकान नव्या कागदाच्या वासानं भरलं. मी छाती पुढं काढून उभा होतो. म्हटलं, "बघ शालन, तीनशे पाकिटं फोडली म्हणून तू तोंड फिरवलंस. पण निवड केली नसती तर गोल्टी कॅट झाला असता का?"

शालन स्टुलावर चढून देवीच्या तसबिरीमागं वहीचा पहिला नग ठेवत होती. तिनं तसबिरीमागं हात घातला आणि धूळ बसलेलं एक चंदेरी पाकीट काढलं.

"तीनशे न्हाई. दोनशे नव्व्याण्णव फोडली तुमी."

मी ते तळहातावर घेतलं. डोळे मिटायचीही गरज पडली नाही. "चकचकीत आहे गं! फोडू?"

"अजाबात न्हाई." तिनं ते माझ्या हातातून घेऊन परत देवीच्या मागं ठेवलं. "न बघता पाकीट घ्यायची हौस माझी एकदा झालीय. लग्नात."

"मग?" मी विचारलं. "काय निघालं? गोळा का गोल्टी?"

ती स्टुलावरून उतरली, हात झटकले, माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं.

"राक्षस निघाला. बरा हाय. पर शक्तीची पानं समदी मलाच घालाय लागत्यात. उचला आता ते गठ्ठे, गिऱ्हाईक आलंय."